त्रिनिदादला विद्यार्थ्यांचा गट नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन संस्कृती जवळून पाहायला त्रिनिदाद आणि टोबॅगोला जाऊ इच्छिणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, त्यांना नेणारे शिक्षक आणि घरी काळजी करत बसणारे पालक, या तिघांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आमची मतंही आहेत. ती पटली नाहीत तरी चालेल, पण लसीकरण आणि कपड्यांबद्दलचे भाग मात्र नक्की वाचा.

एवढं लांब जायचं तर एकाच देशात का? पाच-सहा बेटं का नाही?

पाच बेटांच्या सहलीत मुलांना पाच बंदरं आणि त्या बंदरांवरची एकसारखी दुकानं दिसतात. कॅरिबियन ही एक संस्कृती नाहीच. क्युबात स्पॅनिश बोलतात, हैतीत क्रेओल ही मिश्र भाषा, मार्टिनिकमध्ये फ्रेंच. जमैकाचं रेगे आणि त्रिनिदादचं कॅलिप्सो या गाण्याच्या दोन प्रकारांची घडण वेगळी, इतिहास वेगळा. आठ-दहा दिवसांत त्यातलं एक जरी थोडंफार कळलं तरी खूप झालं.

त्रिनिदाद निवडायचं कारण म्हणजे तिथली दाटी. दोन्ही बेटं मिळून क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपटीहून थोडं कमी. लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास. एवढ्याशा जागेत स्टीलपॅन हे तेलाच्या पिंपाचं वाद्य जन्मलं, कॅलिप्सो वाढला, सोका आणि चटनी हे संगीतप्रकार निघाले. जगभरच्या अनेक शहरांतली कॅरिबियन कार्निव्हलं, म्हणजे रस्त्यावर पोशाख घालून नाचत निघणाऱ्या मिरवणुकांचे उत्सव, इथल्याच वळणावर घडली.

तिथे सगळे आपलेच लोक आहेत ना?

हा प्रश्न पालक फार प्रेमाने विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले सुमारे सव्वादोनशे भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. त्याआधी काही वर्षं गुलामगिरी संपली होती आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. पुढे १९१७ पर्यंत करारावर १ लाख ४० हजारांहून जास्त भारतीय तिथे गेले. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, थोडे मद्रासकडून गेलेले. करार संपल्यावर काही परतले, पण बहुतेक तिथेच राहिले. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे २३ टक्क्यांच्या आसपास होते.

तर ‘आपले’ म्हणावं का? त्यांची आडनावं महाराज, रामपरसाद, मोहम्मद अशी असतात. घराच्या अंगणात झेंडे असतात, लग्नात हळद लागते. पण भोजपुरी बोलणारे आता म्हातारे झाले. तरुण मुलगा इंग्रजी क्रेओल बोलतो, सोकावर नाचतो आणि स्वतःला आधी त्रिनिदादी समजतो. त्याला ‘तू मूळचा कुठला?’ असं तिसऱ्या वाक्यात विचारलं तर तो वैतागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ‘तुमची जात कोणती?’ हा प्रश्न तर कुणीच विचारायचा नाही. कलकत्त्याच्या डेपोत आणि तीन-तीन महिन्यांच्या जहाजप्रवासात एका पंगतीला बसणं भाग पडलं आणि ती उतरंड बऱ्याच अंशी मोडली. तिची जागा ‘जहाजी भाई’ या नात्याने घेतली. हरवलेला भारत शोधायला गेलेल्या मुलांना फक्त देवळं आणि रोट्या दिसतात. समोरचा माणूस राहून जातो.

आणखी एक. भारतीय वंशाच्या लोकांच्याच घरी जेवलो, त्यांच्याच देवळांत गेलो, असा गट अर्धाच देश पाहून परततो. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास समजल्याशिवाय स्टीलपॅन, कॅलिप्सो, कार्निव्हल यांतलं काहीच समजत नाही. गुलामगिरीच्या अंताची आठवण म्हणून १ ऑगस्टला राष्ट्रीय सुट्टी देणारा हा पहिला देश. ही सुट्टी १९८५ पासून आहे.

मराठी कुणी भेटेल का?

मॉरिशससारखा पिढ्यानपिढ्यांचा मराठी समाज इथे नाही. पण एक धागा पक्का आहे: राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल मैदान. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच. सुनील गावसकरांचं कसोटी पदार्पणही त्याच सामन्यात झालं. मालिकेच्या शेवटच्या कसोटीत याच मैदानावर त्यांनी १२४ आणि २२० धावा केल्या. मालिकेत एकूण ७७४. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा आपण हल्ली विसरतो. त्रिनिदादमध्ये गावसकरांवर कॅलिप्सो रचला गेला, आणि वयस्कर टॅक्सीवाल्यांना तो अजून आठवतो. टॅक्सीत बसून गावसकरांचं नाव काढा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

कधी जावं? कार्निव्हललाच ना?

आमचं मत: कार्निव्हलच्या दोन दिवसांसाठी नाही, त्याच्या आधीच्या आठवड्यांत.

कार्निव्हल अ‍ॅश वेन्सडेच्या (लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो, त्यामुळे तारीख दरवर्षी हलते. २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २८ आणि २९ फेब्रुवारी. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव कडाडतात, बरीच हॉटेलं ठरावीक रात्रींचं एकत्र आरक्षण मागतात आणि वीस-पंचवीस मुलांना गर्दीत सांभाळताना शिक्षकांची दमछाक होते.

जानेवारीत मात्र सगळं शिजत असतं. पॅनयार्डमध्ये, म्हणजे स्टीलबँडच्या अंगणात, रात्री उशिरापर्यंत सराव चालतो. मास कॅम्पमध्ये, म्हणजे पोशाख बनवण्याच्या जागी, तार वाकवणं, पिसं चिकटवणं चालू असतं. कॅलिप्सो टेंटमध्ये नवी गाणी पहिल्यांदा ऐकवली जातात. नाव टेंट असलं तरी आता हे कार्यक्रम बहुधा सभागृहातच होतात. लोकांना बोलायला वेळ असतो. शिकायला आलेल्या मुलांसाठी हे दिवस सोन्याचे. हवाही कोरडी असते. पावसाळा साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत.

दिवाळी हा दुसरा चांगला काळ. १९६६ पासून ती तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. चग्वानसजवळ ‘दिवाळी नगर’ भरतं आणि गावोगाव बांबू वाकवून त्याच्या कमानींवर पणत्या लावतात. या पणत्या लावायला सगळ्या धर्मांचे शेजारी येतात.

कार्निव्हलमध्ये कपडे फारच कमी असतात म्हणे. मुलांना न्यावं का?

मंगळवारच्या मिरवणुकीत मणी आणि पिसांचे पोशाख असतात, नाच अंगाला अंग लावून असतो. लपवण्यासारखं काही नाही आणि घाबरण्यासारखंही नाही. ज्यांना हे नको त्यांनी शनिवारचा लहान मुलांचा कार्निव्हल पाहावा. खरं तर पोशाखांची जुनी कला तिथेच जास्त नीट दिसते.

पण हे सगळं कुठून आलं, हे मुलांना निघण्यापूर्वी माहीत असायला हवं. लेंट सुरू होण्याआधी फ्रेंच मळेवाले मुखवटे घालून नाचसमारंभ करत. गुलामांना त्यात जागा नव्हती. उसाच्या शेताला आग लागली की मशाली आणि चाबकाच्या धाकात त्यांना विझवायला पळवलं जाई. गुलामगिरीतून सुटल्यावर त्याच लोकांनी हातात मशाली घेऊन रस्त्यावर त्या प्रसंगाची मिरवणूक काढली. ती म्हणजे कॅनबुले. १८८१ मध्ये पोलीस ती बंद करायला आले तेव्हा लोक काठ्या घेऊन भिडले. आजही कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ही चकमक नाट्यरूपात सादर होते. एकच गोष्ट पाहायची असेल तर आम्ही ही निवडू.

सोमवारी पहाटे ‘जूवे’ असतो. चिखल, रंग, तेल फासून लोक अंधारात निघतात. पारामिन डोंगरातले ‘ब्लू डेव्हिल’ निळे रंगून, जिभा काढून अंगावर धावतात आणि पैसे मागतात. सुटी नाणी जवळ ठेवा, देऊन टाका, पळू नका. उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी मात्र गोड असतात, त्यांना नुसतं हात केला तरी पुरतं.

पॅनयार्ड म्हणजे काय, आणि तिथे आम्हाला कोण येऊ देणार?

स्टीलबँडची सराव करण्याची जागा म्हणजे पॅनयार्ड. बहुधा पत्र्याची शेड, मोकळं अंगण, कोपऱ्यात खाण्यापिण्याची टपरी. सरावाच्या रात्री कुणीही जाऊन बसू शकतं, तिकीट नसतं. गट मोठा असेल तर आधी कळवून जाणं शहाणपणाचं. डेस्परेडोज, रेनेगेड्स, ऑल स्टार्स, फेज टू, एक्झोडस ही मोठी नावं आहेत, पण वीस मुलं घेऊन जायला एखादा लहान बँड बरा. तिथे वादक थांबून समजावतात आणि काठ्या हातातही देतात.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: तेलाच्या पिंपाचं बूड हातोडीने ठोकून वाटीसारखं खोलगट करतात, त्यावर एकेका सुराची जागा आखतात, तापवतात आणि पुन्हा बारीक ठोकून सुरात आणतात. पिंपाची भिंत आखूड ठेवली की उंच सूर निघतात. त्याला टेनर म्हणतात. अख्खी पिंपं म्हणजे बास. त्याचा एक वादक सहा-नऊ पिंपांच्या मधोमध उभा राहून गरागरा वळत वाजवतो. काठ्यांच्या टोकांना रबर असतं.

१८८० च्या दशकात इंग्रज सरकारने कातडी ढोलांवर निर्बंध आणले. मग लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, त्याला टांबू बांबू म्हणत. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मोटारींचे भाग आले. महायुद्धाच्या काळात कार्निव्हल बंद होता, पण लावेंतीय, वुडब्रुकसारख्या वस्त्यांत पोरं ठोकाठोक करतच होती. तेलविहिरींच्या या बेटावर पिंपांना तोटा नव्हता. १९५१ मध्ये बेटावरचा निवडक वादकांचा संच लंडनला जाऊन वाजवून आला, तोवर देशातले सभ्य लोक या वादकांना गुंड समजत होते. १९९२ मध्ये तेच वाद्य राष्ट्रीय वाद्य ठरलं. एली मॅनेट, विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, अँथनी विल्यम्स ही या घडणीतली मोठी नावं.

मुलांना एक काम जरूर द्या: एका जागी दोन तास बसायचं आणि फोन खिशात ठेवायचा. ‘पॅनोरामा’ स्पर्धेसाठी मोठ्या बँडमध्ये शंभराहून जास्त वादक असतात आणि सादरीकरण असतं जेमतेम आठ मिनिटांचं. त्या आठ मिनिटांतला एखादा लहानसा तुकडा ते रात्रभर घोटत राहतात. अनेकांना स्वरलिपी वाचता येत नाही. सगळं ऐकून, पाहून, हाताने लक्षात ठेवलेलं. तिसऱ्यांदा तोच तुकडा ऐकताना कंटाळा येतो आणि दहाव्यांदा ऐकताना त्याच्या आतले सूर वेगवेगळे ऐकू यायला लागतात. बसने येऊन वीस मिनिटांत फोटो काढून निघालेल्या गटांना हे मिळत नाही.

आमची मुलं ढोल-ताशा पथकात आहेत. तिथे काही वाजवता येईल का?

ही मुलं तिथे लगेच रुळतात. त्रिनिदादचा टासा हा ताशाचाच भाऊबंद. मातीचं भांडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, आणि वाजवण्याआधी ते शेकोटीवर तापवून कडक करायचं. संचात दोन प्रकारचे ताशे असतात: ‘कटर’ पुढे धावतो, ‘फुले’ ठेका धरून ठेवतो. सोबत एक मोठा ढोल आणि झांजा. लग्नात, होळीत, पार क्रिकेटच्या सामन्यातही तो वाजतो.

मात्र त्याचं मूळ घर होसे, म्हणजे मोहरम. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात ताबुतांची मिरवणूक निघते. बांधणाऱ्यांत आणि वाजवणाऱ्यांत मुसलमानांसोबत हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोकही असतात. १८८४ मध्ये सान फर्नांदोजवळ या मिरवणुकीवर गोळीबार करून पोलिसांनी अनेक मजूर मारले होते. तेव्हा होसेच्या ठिकाणी मुलांनी आपला ठेका घुसवू नये. आधी ऐकावं. शिकायचं तर कार्यशाळा ठरवता येते, आणि तिथे तुमच्या पथकाचे हातही त्यांना दाखवता येतात.

शाकाहारी मुलांची सोय होते का?

अगदी व्यवस्थित. सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ खायचे: हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले ‘बारा’, त्यात चना, वर चिंचेची चटणी, कैरीचा कुचेला, काकडी. विक्रेता पेपरचं विचारेल. त्यांची पेपर म्हणजे तिखट मिरचीचा सॉस. ‘स्लाइट’ म्हणा. आपण कोल्हापूरचे आहोत वगैरे सांगू नका. मोरुगा स्कॉर्पियन ही जगातल्या सर्वांत तिखट मिरच्यांपैकी एक याच बेटावरची आहे.

दालपुरी, फुलोरी, आलू पाय, साहीना हे सगळं शाकाहारी. साहीना अळूच्या पानांची असते, आपल्या वडीची आठवण येईल. कॅलालू हीही त्याच पानांची, नारळाच्या दुधातली, पण तिच्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं, म्हणून विचारून घ्या. रास्ताफारी या जमैकातून आलेल्या पंथाच्या लोकांची ‘इटाल’ खानावळ मिळाली तर तिथलं जेवण सहसा शाकाहारीच असतं. मांसाहारींसाठी पेलाव हा मांस घातलेला भात आणि माराकसच्या किनाऱ्यावरचा मासा घातलेला ‘बेक’ हा तळलेला पाव.

चिवड्या-लाडवांचे डबे बॅगेत भरून देऊ नका. मुलं तेच खात बसतात.

देवळांत, चर्चमध्ये नेता का?

नेतो, पण रोज एक असं नाही. वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ चुकवू नये. शिवदास साधू या उसाच्या मळ्यातल्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीने ते पाडायला लावलं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. जमीन तुमची तर समुद्र कुणाचा नाही, म्हणत त्याने पुढची सुमारे पंचवीस वर्षं सायकलवरून दगड-सिमेंट वाहून समुद्रात भराव टाकला. आजची वास्तू १९९५ च्या सुमारास नव्याने उभी राहिली. जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेयाचं देऊळ आणि ८५ फुटी हनुमान आहे. मराठी मुलं तिथे रेंगाळतात, रेंगाळू द्या.

आम्हाला मात्र सिपारियाचं चर्च जास्त बोलकं वाटतं. तिथल्या सावळ्या मेरीला कॅथलिक लोक ‘ला दिव्हिना पास्तोरा’ म्हणतात आणि हिंदू ‘सिपारी माई’. गुड फ्रायडेच्या सुमारास हिंदू तिथे तांदूळ, तेल, फुलं घेऊन येतात, बाळांचं जावळही काढतात.

बोलण्या-वागण्यात काय सांभाळायचं?

दुकानात, मॅक्सी टॅक्सी म्हणतात त्या मिनीबसमध्ये, कुठेही शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. न म्हणता थेट काम सांगणं उद्धटपणाचं समजतात. संध्याकाळनंतर भेटतानाही ‘गुड नाइट’ म्हणतात, निरोप देतायत असं समजू नका. तिथल्या इंग्रजीची नक्कल करून हसायचं नाही. ‘कुली’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, थट्टेतही. वंश आणि राजकारण यांची सांगड तिथे नाजूक आहे. ऐकावं, निकाल देऊ नये.

सुरक्षित आहे का?

प्रामाणिक उत्तर: गुन्हेगारी हा तिथला खरा प्रश्न आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारामुळे देशात आणीबाणी जाहीर झाली होती आणि २०२५ मध्येही ती पुन्हा लावली गेली. व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम ११ किलोमीटरवर आहे, तिथल्या घडामोडींचाही परिणाम होतो. आरक्षणाआधी आणि निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहा.

गट म्हणून नियम साधे ठेवा. स्थानिक वाटाड्या आणि ठरलेली गाडी. अंधार पडल्यावर पायी भटकंती नाही. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत स्थानिक माणसाशिवाय नाही. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते, ‘पी’ची गाडी खासगी, तिच्यात बसायचं नाही. गांजाबाबत तिथला कायदा २०१९ मध्ये थोडा सैल झाला. गटाचा नियम सैल नाही.

व्हिसा आणि लस?

लस आधी. त्रिनिदादहून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधीच उरका. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. पिवळं कार्ड, म्हणजे हेच प्रमाणपत्र, हरवू नका. डेंग्यू तिथेही आहे, डासांचं मलम न्या.

व्हिसाचा घोळ बहुधा त्रिनिदादचा नसतो, वाटेतल्या देशाचा असतो. अमेरिकेतून विमान बदलायचं तर नुसत्या थांब्यालाही अमेरिकी व्हिसा लागतो. मुलांच्या मुलाखतीच्या तारखा लागायला फार वेळ जातो, त्यामुळे तिकिटांआधी मार्ग ठरवा.

सामानात काय नको?

लष्करी छापाचं काहीही नको: शर्ट, टोपी, पिशवी, काहीच. लष्कराबाहेरच्या माणसाने ते वापरणं तिथे बेकायदा आहे आणि विमानतळावरच काढून घेतात. विजेचा दाब ११५ व्होल्ट, प्लग अमेरिकी चपट्या पिनांचे. देवळासाठी एक जोडी पूर्ण कपडे, पॅनयार्डसाठी कानात घालायचे बोळे.

समुद्र, पक्षी, टोबॅगो हे काहीच नाही का?

आहे. कॅरोनीच्या खाजणात संध्याकाळी लाल आयबिस पक्षी थव्याने परततात, होडीतून दिसतात. ला ब्रेचं डांबराचं सरोवर सुमारे शंभर एकर आहे आणि त्यावर चालता येतं. टोबॅगोला विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. तिथलं मेन रिज अरण्य १७७६ पासून संरक्षित आहे. शेवटचे दोन दिवस तिकडे ठेवा, मुलं दमलेली असतात.

स्टीलपॅन विकत आणता येईल का?

दुकानांत मिळणारे छोटे पॅन शोभेचे असतात, त्यांत सगळे सूर नसतात. खरा टेनर ट्यूनरकडून, म्हणजे पॅन सुरात लावणाऱ्या कारागिराकडून, घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी कळवावं लागतं. त्याची पेटी मोठी आणि अवजड असते. विमान कंपनीचा सामानाचा नियम विचारून मगच पैसे द्या. गटाने मिळून एकच घेतला आणि तो महाविद्यालयात ठेवला तर उत्तम. पण तो सुरात लावणारा माणूस आपल्याकडे सहज मिळत नाही, तेव्हा ठोकून बघायला कुणाच्याही हातात देऊ नका.